नागपुरातील मोठ्या वित्तीय कंपनीत एचआर अप्रेंटिस म्हणून एक वर्ष द्यावे का?

बी.कॉम. झाल्यावर आपल्याला नागपुरातील एका मोठ्या वित्तीय कंपनीच्या विभागीय कार्यालयात, मनुष्यबळ विभागात, एका वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते आहे. एवढ्या कमी विद्यावेतनात वर्ष घालवण्यापेक्षा सरळ नोकरी धरावी, असे आपल्या वडिलांचे मत आहे. तिथे नेमके काय शिकायला मिळते आणि पुढे नोकरी लागते का, हे आपण विचारले आहे. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन अशाच एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागले होते आणि आज याच क्षेत्रात काम करते. माझे मत असे की आपण जावे. मात्र वर्षातले किमान चार महिने पगार आणि सेवासमाप्तीच्या (नोकरी सोडणाऱ्यांच्या हिशेबाच्या) टेबलावर मिळतील, हे रुजू होण्याआधीच बोलून घ्यावे.

वडिलांची शंका पैशाची आहे, म्हणून तेवढे आधी सांगते. अप्रेंटिसशिप 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हा पदवीधरासाठी किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरले. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. कायद्याच्या दृष्टीने आपण कर्मचारी नसून प्रशिक्षणार्थी असता, त्यामुळे या वर्षात भविष्य निर्वाह निधीची कपात होत नाही. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला गेला आहे ना, एवढे मात्र स्वतः पाहून घ्या, कारण नोंद नसेल तर वर्षाअखेरीचे प्रमाणपत्रही मिळत नाही.

आता कामाविषयी. विदर्भात अशा कंपन्यांच्या शाखा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळपर्यंत पसरलेल्या असतात आणि कर्जवाटप व वसुली करणारी फील्डवरची मुले सतत सोडून जात असतात. त्यामुळे भरतीचे काम कधी संपतच नाही, आणि नव्या अप्रेंटिसला पहिल्या दिवशीच फोन व उमेदवारांची यादी हातात दिली जाते. दिवसाला पन्नास-साठ फोन, मुलाखतीची वेळ, कागदपत्रांची आठवण, पुन्हा फोन. हे दोन-तीन महिने अवश्य करावे. साकोलीच्या मुलाशी कसे बोलायचे, दुचाकी आहे का हे आधी का विचारायचे, पैशाचे काम असल्यामुळे उमेदवाराचा कर्ज-इतिहास आणि जुन्या कंपनीतला अनुभव का तपासायचा, हे त्यातूनच कळते. पण कित्येक कार्यालयांत वर्षभर तेवढेच करवून घेतात, आणि मग बाहेर पडलेल्या मुलाला पगारपत्रकावरची वजावट वाचता येत नाही. माझ्यासोबतच्या दोघांचे असेच झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

मला हे काम खऱ्या अर्थाने कळले ते पाचव्या महिन्यात. ज्यांचे भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत याची नोंद, अपूर्ण किंवा जुने आहे अशा 41 जणांची यादी माझ्याकडे पाठपुराव्यासाठी दिली होती. रोजच्या घाईत मी ती मागे ठेवत गेले. त्या यादीतला एक वसुली अधिकारी रस्त्यावरील अपघातात गेला. आई-वडील आधीच वारले असल्याने त्याने रुजू होताना भावाचे नाव लावले होते. पुढे लग्न झाले, पण नाव बदलले नाही. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द समजले जाते, हा नियम मला त्या दिवशी ठाऊक झाला. त्याची पत्नी दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आली तेव्हा तिच्या हातात औषधाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती आणि त्या पिशवीत घरातले सगळे कागद होते: रेशनकार्ड, मुलीचा लसीकरणाचा तक्ता, लग्नाची पत्रिका. विवाह नोंदणीचा दाखला नव्हता आणि तिच्या आधारकार्डावर माहेरचेच नाव होते.

माझ्या वरिष्ठ मॅडमनी मला शेजारी बसवून तिचे तीनही अर्ज भरून घेतले: निधीच्या रकमेसाठी नमुना 20, पेन्शनसाठी 10-डी आणि ठेवसंलग्न विम्यासाठी (निधीच्या सदस्याला लागू असलेला जीवनविमा) 5-आयएफ. त्या विम्याची रक्कम कमाल 7 लाखांपर्यंत मिळू शकते, हे तिला कोणीही सांगितले नव्हते. तुकडोजी चौकाजवळच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात आम्ही तिच्यासोबत तीनदा गेलो, आणि सगळे पैसे मिळायला साडेचार महिने लागले. मी यादी वेळेवर पूर्ण केली असती तर त्यातला बराचसा काळ वाचला असता. उरलेल्या चाळीस जणांना मी पुढच्या दोन आठवड्यांत फोन केले. ज्यांना ऑनलाइन जमत नव्हते त्यांच्यासोबत फोनवर राहून एकेक रकाना भरून घेतला.

म्हणूनच मी पगार आणि सेवासमाप्तीच्या टेबलाचा आग्रह धरते. माणूस कंपनी सोडतो तेव्हा त्याचा हिशेब कुठे अडतो हे तिथे बसल्याशिवाय दिसत नाही. वसुलीच्या माणसाने पावतीपुस्तक शाखेत जमा केले नाही, टॅबलेट परत दिला नाही, शाखेने ना-देय दाखला (काही येणे बाकी नसल्याचा) पाठवला नाही, अशा कारणांनी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, महिनोन् महिने रखडतो. सोडल्याची तारीख निधीच्या पोर्टलवर टाकायची राहिली तर त्याला निधीचे पैसेही काढता येत नाहीत. शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्य स्वतः टाकू शकतो, पण हे फील्डवरच्या मुलांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता (कामगारांविषयीचे नवे एकत्रित कायदे) लागू झाल्या आहेत आणि वेतनसंहितेप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. जुन्या सवयीची कार्यालये हे कसे सांभाळतात, ते आपल्याला अगदी जवळून पाहायला मिळेल, आणि शिकण्यासाठी याहून चांगला काळ मला तरी सुचत नाही.

या टेबलावर सगळ्यांचे पगार दिसतात. तेथील आकडा जेवणाच्या डब्यापाशी किंवा सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर मैत्रिणीशी बोलतानाही तोंडातून निघता कामा नये. एकदा विश्वास गेला की ते काम पुन्हा हातात येत नाही.

नोकरीचे स्पष्ट सांगायचे तर, अप्रेंटिसला कायम करण्याचे बंधन कायद्याने कंपनीवर घातलेले नाही. मात्र 2014 च्या दुरुस्तीनंतर शिकाऊ उमेदवारांच्या भरतीबाबत प्रत्येक कंपनीने स्वतःचे धोरण ठरवणे अपेक्षित आहे. मुलाखतीत ते धोरण काय आहे आणि मागच्या तुकडीतले किती जण घेतले गेले, हे नम्रपणे पण नक्की विचारा. मला तिथे घेतले नाही, जागा नव्हती. दोन महिन्यांत मिहान या नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पातल्या दुसऱ्या कंपनीत लागले. तिथल्या मुलाखतीत मला एकच पगारपत्रक समोर ठेवून त्यातली चूक शोधायला सांगितली होती, आणि ती मला सापडली.

रुजू होण्यापूर्वी आधार, पॅन, बँकेचे खाते आणि गुणपत्रिका यांवरील आपले नाव सारखे आहे का ते तपासून घ्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असे सर्रास असते. विद्यावेतनातील सरकारचा वाटा थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि तिथे अक्षराचाही फरक चालत नाही. दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा हे काम याच आठवड्यात हाती घ्यावे.