आजोबांचे पदक कोणाकडे राहावे?

फोंड्याहून एका भगिनीने लिहिले आहे: "माझे आजोबा डिचोलीहून बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धातून 'आफ्रिका स्टार' हे पदक घेऊन परतले. ते केरनच्या डोंगराच्या गोष्टी सांगत. दादा तेव्हा मुंबईला असल्याने त्या मलाच आठवतात. वडील जाण्यापूर्वी मला म्हणाले, 'पदक तू ने.' आता दादा म्हणतो की, देवघरातली वस्तू लग्न झालेल्या मुलीबरोबर बाहेर जात नाही. चतुर्थीपूर्वी ते लखलखीत करून तो दिवाणखान्यात लावणार आहे. मी वकिलाकडे जावे का?"

आपला हक्क आहेच. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगी लग्नानंतरही मुलाच्या बरोबरीची वारस असते, त्यामुळे दादांचे म्हणणे फार तर घरची रीत म्हणून ऐकता येईल. मात्र वडिलांचे तोंडी बोलणे सिद्ध करणे अवघड आहे, आणि इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्यासाठी कोर्टात चालणाऱ्या कामकाजाच्या, यादीत हे पदक कपाटे व तांब्यापितळेच्या भांड्यांखाली एक नग म्हणून लिहिले जाईल, हे आपल्यालाही रुचणार नाही.

खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. चतुर्थी जवळ आली की समया आणि तबके चिंच लावून घासली जातात, आणि ज्या हातांना ती सवय आहे त्यांना पदकही पितळेचेच दिसते. यात वहिनींचा दोष नाही. परंतु त्या युद्धातील ही पदके ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिली गेली, तर भारतीय सैनिकांच्या पदकांवर मागच्या बाजूस क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल उमटवलेले असे, आणि घासून घासून पहिल्यांदा झिजतात ती हीच अक्षरे. म्हणून आजच दादांना फोन करा, हक्काचा विषय काढू नका, फक्त पदक पालथे करून मागे काय आहे ते वाचून दाखवायला सांगा. फीत धुऊ नये आणि उन्हात टांगू नये. फिकट वाळूच्या रंगावरचा मधला तांबडा पट्टा भूदलाचा, तर बाजूचे गडद आणि फिकट निळे पट्टे नौदलाचे व हवाई दलाचे आहेत, आणि हे रंग एकदा उडाले की परत येत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरड्या सुती कापडात, ओल शोषणाऱ्या पुडीसह, बंद डब्यात ठेवणे उत्तम.

केरन इरिट्रियात आहे. 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे झालेल्या लढाईत मराठा पलटणी होत्या आणि आफ्रिका स्टार त्या मोहिमेसाठीही मिळत असे. म्हणजे आजोबांची गोष्ट आणि पदक एकमेकांशी जुळतात. पदकामागचा तो क्रमांक हाती आला की आजोबांच्या नोंदीविषयी विचारायला आपण दोघांनी मिळून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहावे.

माझे मत विचाराल तर पदक तूर्त माहेरीच राहू द्यावे. आपण आजोबांच्या आठवणी, ऐकीव काय आणि पक्के काय हे वेगळे दाखवून, लिहून काढाव्यात आणि त्याची एक प्रत पदकासोबत ठेवावी. पदक कोणी विकणार नाही, कोणी घासणार नाही आणि दादांनंतर ते आपल्या मुलांकडे येईल, असा साधा कागद दोघांनी सही करून ठेवावा. दादांनी पदक पालथे करायलाच नकार दिला, तर मला पुन्हा लिहा. वकिलाचे तेव्हा बोलू.