स्कायडायव्हिंगला मराठीत काय म्हणायचं? उडी, सूर की पतन?

प्रश्न असा आलाय: मुलीला शाळेत ‘स्कायडायव्हिंग’वर निबंध लिहायचाय, बाईंनी मराठी शब्दच वापरायला सांगितलेत, तर ‘मुक्त पतन’ लिहिलं तर चालेल का? आणि विमानातून उडी ‘मारतात’, ‘घेतात’ की ‘टाकतात’? आणि पॅराशूट तो, ती की ते?

तिन्हींची उत्तरं देते, पण पहिल्याला वेळ लागेल, कारण या शब्दांतच मी लहानाची मोठी झालेय. वडील पॅराशूट पलटणीत होते, मूळचे साताऱ्याकडचे, आणि माझं शाळेचं सगळं वय आग्र्याच्या छावणीत गेलं. आग्र्याला मराठी माणसं कुठून आली असं पुष्कळजण विचारतात म्हणून सांगते, १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली ती तीन जुन्या पलटणी घेऊन, पंजाबची पहिली, कुमाऊंची पहिली आणि मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी, आणि ही तिसरी मराठा म्हणजेच २ पॅरा, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण. त्यामुळे क्वार्टर्समध्ये नळावर सातारा-सांगली-कोल्हापूरची मराठी, शाळेत ब्रजवळणाची हिंदी आणि बाबांच्या तोंडात इंग्रजी हुकूम, असं आमचं भाषेचं खातं होतं.

आता थेट मुद्द्यावर येते. ‘मुक्त पतन’ लिहू नका. माझं मत ठाम आहे आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण घरातलं. आमच्या घरात ‘पडणे’ हे क्रियापद उडीच्या संदर्भात कुणी उच्चारायचं नाही असा नियमच होता. मालपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर, म्हणजे जवान उतरायच्या मैदानावर, पॅकेट विमानं जायची, ती दोन शेपट्यांची मोठी विमानं, त्यांचा आवाज ओळखीचा झालेला, आणि मी एकदा अंगणातून ओरडले की आई बघ, आज किती माणसं पडतायत. आईनं हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, पडतायत नाही म्हणायचं, उतरतायत म्हण. तेव्हा वाटलं उगीच रागावते. नंतर कळलं की त्या क्वार्टर्समध्ये ‘पडला’ या शब्दाला एकच अर्थ होता. पॅराशूट नीट उघडलं नाही, किंवा वाऱ्यानं फरफटत नेलं, किंवा पाय मोडून इस्पितळात गेला, तर ‘अमका पडला’. बाकी सगळे उतरायचे. संध्याकाळी बायका एकमेकींना विचारायच्या तेही ‘उतरले का सगळे?’ असंच. ज्या लोकांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी पडणे आणि उतरणे यात इतका काटेकोर फरक ठेवलाय तर आपण त्यांच्या कसबाला पतन का म्हणावं? शिवाय मराठीत पतन म्हटलं की अधःपतन आठवतं, पतित आठवतं, सरकारचं पतन आठवतं. त्या शब्दात कर्तृत्व नाहीच, ज्याचं पतन होतं त्याच्या हातात काही नसतं.

दुसरं कारण शास्त्राचं. दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात ‘मुक्त पतन’ आहे, पण त्याची व्याख्या बघा, वस्तूवर फक्त गुरुत्वीय बल असलं पाहिजे, हवेचा विरोध धरायचा नाही. स्कायडायव्हिंगमध्ये तर सगळा खेळच हवेच्या विरोधाचा आहे. विमानातून निघाल्यावर साधारण १२ सेकंदांत वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि मग वाढायचा थांबतो, कारण खालून रेटणारी हवा आणि आपलं वजन यांची बरोबरी होते. त्यानंतर पोटात खड्डा पडत नाही, पडल्यासारखं वाटतच नाही, हवेच्या भक्कम गादीवर पालथं झोपल्यासारखं वाटतं असं बाबा सांगायचे. दहा हजार फुटांवरून निघालं आणि अडीच-तीन हजारावर पॅराशूट उघडलं तर मध्ये पाऊण मिनिटाच्या आसपास मिळतं, आणि त्या वेळात हात-पाय-पाठ यांच्या कोनानं माणूस वळतो, पुढं सरकतो, दुसऱ्याच्या जवळ जाऊन त्याचा हात धरतो. याला शास्त्राच्या पुस्तकातलं मुक्त पतन म्हणणं शास्त्रालाही धरून नाही.

आणि गंमत बघा, इंग्रजीतही हाच प्रवास झालाय. सुरुवातीला लोकांची पक्की समजूत होती की उंचावरून असा मोकळा माणूस खाली यायला लागला की त्याची शुद्ध हरपणार, दोरी ओढायला हात हलणारच नाही. २८ एप्रिल १९१९ला लेस्ली अर्विन यांनी अमेरिकेत विमानातून उडी घेतली आणि हवेत असताना स्वतःच्या हातानं दोरी ओढून पॅराशूट उघडलं, तेव्हा ती समजूत मोडली. तरी पुढं कितीतरी वर्षं या प्रकाराला ‘डिलेड ड्रॉप’ म्हणायचे, म्हणजे उशिरा उघडलेलं खाली येणं, त्यात माणसाकडं श्रेय काही नाही, तो फक्त थांबलाय. मग फ्रान्समध्ये लेओ व्हॅलेंटिन यांनी हातपाय पसरून पाठीला कमान द्यायची, पोट जमिनीकडं ठेवायचं ही बैठक घडवली, अंग गरगर फिरायचं थांबलं, माणसाच्या ताब्यात आलं. १९५१ साली युगोस्लाव्हियात ब्लेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली. आणि ‘स्कायडायव्हिंग’ हा शब्द रुळला तो यानंतर, १९५०च्या दशकात, अमेरिकेत. म्हणजे अंगावर ताबा आला तसा ‘ड्रॉप’ गेला आणि ‘डाइव्ह’ आला. मग आपण मराठीत उलट का जायचं, तयार झालेल्या खेळाला जुन्या असहाय अवस्थेचं नाव का द्यायचं?

डाइव्हला आपल्याकडं शब्द आहे आणि तो फार चांगला आहे: सूर. सूर मारणे. ज्यांनी गावच्या विहिरीत पोहणं शिकलंय त्यांना सांगायला नको की विहिरीत सगळं नुसतं ‘उडी’ नसतं. पाय जुळवून उभी उडी, गुडघे पोटाशी घेऊन मुटका, आणि डोकं खाली हात पुढं करून सूर. मे महिन्यात सुट्टीला गावी गेलो की बाबा आम्हाला पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडायचे, आणि काठावर उभं करून सांगायचे, पाय जुळव, गुडघे जरा सैल, हनुवटी छातीला लाव, कोपरं अंगाशी. मला कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की हे सगळं विमानाच्या दारातलं आहे. स्टॅटिक लाइनची उडी म्हणजे तीच, विमानाला अडकवलेल्या पट्ट्यानंच पॅराशूट ओढलं जाऊन उघडतं, उंची हजार-बाराशे फुटांची, माणसानं फक्त अंग आवळून नीट बाहेर पडायचं. ती उडी. आणि फ्री फॉल, म्हणजे पॅराशूट उघडायच्या आधी मोकळ्या अंगानं खाली येणं, तो सूर. त्या दोन प्रकारांना मराठीनं आधीच दोन शब्द देऊन ठेवलेत, आपण वापरायचे तेवढे राहिलेत.

आम्हा पोरांना हा फरक शब्द माहीत नसताना दिसायचा. पलटणीची उडी असली की आकाश भरून जायचं, विमानाच्या मागं एकामागून एक गोल पॅराशूट उमलत जायचे आणि दोन मिनिटांत सगळं संपायचं. पण कधीतरी विमान खूप वर, अगदी बारीक दिसायचं, आणि त्यातून काहीच निघालेलं दिसायचं नाही. मग कुणीतरी ओरडायचं, ते बघ, आणि निळ्यावर तीन-चार काळे ठिपके, मागं काहीच नाही, उघडतच नाही, उघडतच नाही, आम्ही मोठ्यानं हजार एक, हजार दोन, हजार तीन असं मोजत राहायचो, कारण ‘हजार एक’ म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो हे बाबांनीच शिकवलेलं, आणि मग एकदम रंग फुटायचा. हाच मोजण्याचा खेळ आम्ही क्वार्टर्सच्या मागच्या भिंतीवरून उड्या घेताना खेळायचो, भिंत एवढीशी, ‘हजार एक’ पुरं व्हायच्या आत जमीन यायची, तरी पॅराशूट उघडलं का बघतात तसं ‘चेक’ म्हणून वर बघायचं आणि पाय जुळवून कुशीवर लोळण घ्यायची. ती लोळण नीट आली नाही तर मोठी मुलं परत चढायला लावायची.

‘हवाई छत्री’ आणि ‘छत्रीधारी सैनिक’ याबद्दलही लिहिते, कारण निबंधात मुलगी हे शब्द वापरेलच. हे वर्तमानपत्रांनी रुजवलेले शब्द आणि मला आवडतात. बांगलादेश युद्धात, ११ डिसेंबर १९७१ला, २ पॅरा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलला उतरली, लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायला, तेव्हा गावी आजोबांना कळलं ते पेपरातल्या ‘छत्रीधारी’ या शब्दातूनच. त्या बातमीची एक गोष्ट अशी की उतरले होते ७००च्या आसपास जवान, पण प्रसिद्धीला दिलेला फोटो होता आग्र्याला आधी झालेल्या सरावाचा, आकाश पॅराशूटनी भरलेलं, आणि परदेशी पत्रकारांनी आकडा छापला ५०००. आग्र्याचं आमचं आकाश असं त्या युद्धात कामी आलं याचा मला अजून अभिमान वाटतो.

पण छत्री हा शब्द गोल पॅराशूटलाच शोभतो. १९६४ साली डोमिना जालबर्ट यांनी कप्प्याकप्प्यांचं, समोरून हवा भरणारं पॅराफॉइल काढलं आणि त्यातून चौकोनी पॅराशूट आलं. ते छत्रीसारखं हवा अडवत नाही, ते पंखासारखं उडतं, पुढं जातं, शेवटी दोन्ही दोऱ्या खाली ओढल्या की माणूस चालत उतरतो. हवाई दलाची आकाशगंगा टीम १९८७ साली आग्र्याला तयार झाली, त्यांची प्रात्यक्षिकं ज्यांनी पाहिलीत त्यांना कळेल मी काय म्हणते. त्याला छत्री म्हणवत नाही. ‘पंखछत्री’ म्हणून बघा, किंवा सरळ चौकोनी पॅराशूट म्हणा.

जाता जाता एक शब्द भेट म्हणून: पॅराजूट. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद टाकायला रेशमी पॅराशूट पुरेनात, तेव्हा ब्रिटिश जनरल स्लिम यांच्या सैन्यासाठी बंगालच्या तागाचे पॅराशूट बनवले आणि त्यांना हे नाव पडलं. मूळ पॅराशूटमध्येही ‘शूट’ म्हणजे गोळीबाराचं शूट नाही, फ्रेंचमध्ये ‘श्यूट’ म्हणजे पडणं आणि ‘पॅरा’ म्हणजे त्यापासून बचाव, १७८०च्या दशकात लनॉरमां या फ्रेंच गृहस्थांनी घडवलेला शब्द. म्हणजे पडण्यापासून वाचवणारं. आईचा नियम त्या शब्दातच होता म्हणायचा. गावी मात्र पॅराशूट म्हणजे खोबरेल तेलाचा निळा डबा, आमची चुलत भावंडं बरीच वर्षं समजत होती की काका तेलाच्या कारखान्यात आहेत.

आता क्रियापदं. उडी मारणे, घेणे, टाकणे, तिन्ही बरोबर आहेत पण एकसारखे नाहीत. ‘मारणे’ हे अंगाचं काम, नालीवरून उडी मारली, कुंपणावरून मारली, त्यात विशेष काही नाही, म्हणून जुना मुरलेला जवान ‘सकाळी एक जंप मारून आलो’ म्हणतो ते अगदी बरोबर. ‘टाकणे’मध्ये स्वतःला झोकून देणं आहे, परतीचा विचार सोडून, आगीत उडी टाकली, पुरात उडी टाकली. ‘घेणे’मध्ये निश्चय आहे, म्हणून तर लढ्यात उडी घेतली असं म्हणतो. विमानाच्या दारात तांबडा दिवा जाऊन हिरवा लागतो तेव्हा पाऊल आपलं आपणच उचलायचं असतं, त्यामुळे पहिल्या उडीला तरी मी ‘घेतली’च म्हणेन. शिकाऊ जवान पाच उड्या पुऱ्या करतो, त्यातली एक रात्री, तेव्हा छातीवर पंखांचा बिल्ला लागतो. त्या पाचही घेतलेल्या. रेचल थॉमस यांनी १९७९च्या सुमाराला हे क्षेत्र धरलं आणि पुढं २००२ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर घेतली आणि २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून घेतली, इथं ‘मारली’ लिहिलं की वाक्य हलकं होतं, वाचून बघा. रेचल थॉमस यांनी सुरुवात केली तेव्हा मी शाळकरी होते, बाई उडी घेतात हे आग्र्यात ऐकलं तेव्हा आमच्या मुलींच्या भिंतीवरच्या खेळात एकदम गर्दी वाढली होती.

‘झेप’ चांगला शब्द आहे, पण झेप वर किंवा पुढं जाते, मारुतीची असते, गरुडाची असते, मथळ्याला शोभते, वर्णनाला नाही.

तर निबंधात असं लिहा: खेळाचं नाव ‘आकाशसूर’, कंसात काही न देता पहिल्याच वाक्यात ‘ज्याला स्कायडायव्हिंग म्हणतात’ एवढं जोडा, बाईंना चालेल. ‘फ्री फॉल’ या टप्प्याला ‘मोकळा सूर’. पुढं सगळीकडं ‘उडी घेतली’ आणि जमिनीवर आल्यावर ‘उतरली’. स्कायडायव्हिंग शब्द तसाच ठेवला तरी माझी हरकत नाही, आमच्या घरात जन्मभर ‘जंप’च होतं आणि मराठीचं त्यानं काही बिघडलं नाही.

लिंगाचं म्हणाल तर प्रमाण मराठीत ते पॅराशूट, ते उघडलं, अनेकवचन तसंच, दहा पॅराशूट उघडले असं बोलताना ऐकू येतं, मीही वर तसंच लिहिलंय, पण लिहिताना उघडली करा. आम्ही आग्र्याची मुलं हिंदीच्या सवयीनं ‘पॅराशूट उघडला’ म्हणायचो आणि गावच्या शाळेत गेल्यावर मास्तर थांबवायचे. छत्री मात्र ती, आणि आकाशसूर तो, तेव्हा ‘तिनं पहिला आकाशसूर मारला’, इथं ‘मारला’च, कारण सूर कुणी घेत नाही.