प्रोलॉगमधला ‘नॉट’: नकार, अभाव की अनुपलब्धी?

प्रश्न असा आला आहे: प्रोलॉग (तथ्यं आणि नियम लिहून त्यांवरून उत्तरं काढणारी संगणकभाषा) शिकवणाऱ्या मराठी टिपणांत ‘नॉट’साठी ‘नकार’ लिहावं की ‘अभाव’? मला दोन्ही शब्द पुरेसे वाटत नाहीत.

प्रोलॉगचा ‘नॉट’ एखादं विधान खोटं आहे असं सांगत नाही. ते विधान सिद्ध करायचा प्रयत्न होतो, सगळ्या वाटा तपासून संपतात, हाती काही लागत नाही, आणि तेवढ्यावरच ‘नॉट’ खरा ठरतो. वाटा संपल्याच नाहीत, तर उत्तरही येत नाही. त्याचं ‘\+’ हे चिन्हही हेच सांगतं. त्यातलं अधिकचिन्ह ‘सिद्ध होतं’ यासाठी आहे आणि आधीची तिरपी रेघ ते खोडते.

मराठीत हा फरक ‘नाही’च्या जागेवरून कळतो. ‘गाडी येत असल्याचं सिद्ध होत नाही’ आणि ‘गाडी येत नसल्याचं सिद्ध होतं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. रेल्वे फाटकापाशी थांबलेल्या बसच्या चालकाला रूळ ओलांडण्याची अट म्हणून पहिलं वाक्य दिलं, तर दाट धुक्यात काहीच दिसत नसताना तो बस रुळांवर घालेल. दुसरं वाक्य त्याला थांबवून ठेवेल. रूळ ओलांडणाऱ्या बसचं हे उदाहरण संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थींचं. ते घेऊन मायकेल गेलफॉन्ड आणि व्लादिमीर लिफशिट्झ यांनी १९९१मध्ये एकाच प्रोग्रॅममध्ये दोन वेगळे नकार असावेत असं मांडलं.

पहिल्या नकारासाठी आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: अनुपलब्धी. कुमारिल भट्टांच्या मीमांसा दर्शनात ते स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन, आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही हे कळतं. पण मीमांसक इथे एक अट घालतात, आणि मला सगळ्यात मोलाची तीच वाटते: अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. रेमंड रायटर यांनी १९७८मध्ये डेटाबेससाठी मांडलेलं ‘बंद जगा’चं गृहीतक याच अटीच्या फार जवळ जातं: नोंदी पूर्ण आहेत असं धरलं, तरच नोंद नसणं म्हणजे गोष्ट नसणं. वेळापत्रकात तीनची गाडी नाही, तर तीनची गाडी नाही. धुक्यातल्या फाटकाला मात्र हे गृहीतक लावता येत नाही.

आता औपचारिक अर्थाकडे. नियमांत ‘नॉट’ नसेल तर प्रश्न सोपा असतो: नियम पाळणाऱ्या, खऱ्या धरलेल्या विधानांच्या संचांपैकी सर्वांत लहान संच एकच निघतो आणि तोच प्रोग्रॅमचा अर्थ. ‘नॉट’ आला की हे बिघडतं. कीथ क्लार्क यांनी १९७८मध्येच ‘जर’च्या जागी ‘जर आणि तरच’ वाचायचा उपाय दिला. तो बऱ्याच ठिकाणी चालतो. पण ‘क सिद्ध नसेल तर क’ असा एकच नियम लिहिला, तरी ‘क तेव्हाच, जेव्हा क नाही’ असा विरोध उभा राहतो.

आता हे दोन नियम घ्या: सीमा येत नसेल तर अमोल येतो, अमोल येत नसेल तर सीमा येते. गेलफॉन्ड-लिफशिट्झ यांची १९८८ची रीत अशी की आधी उत्तराचा अंदाज करायचा. समजा, फक्त अमोल येतो. मग ‘अमोल येत नसेल तर’ हा नियम बाद होतो. ‘सीमा येत नसेल तर’ ही अट पुरी झालेली असल्यामुळे तेवढी खोडायची. उरतं ‘अमोल येतो’. अंदाज स्वतःलाच पुन्हा जन्म देतो, म्हणून तो स्थिर. ‘फक्त सीमा येते’ हाही तसाच स्थिर ठरतो. दोघं येतात किंवा कुणीच येत नाही, हे अंदाज टिकत नाहीत. म्हणजे या प्रोग्रॅमला दोन अर्थ आहेत, आणि ते दोष न मानता दोन पर्याय मानायचे. मला ही व्याख्या अतिशय देखणी वाटते. असे स्थिर संच हेच उत्तर मानणारं, उत्तर-संच पद्धतीचं (आन्सर सेट) सगळं प्रोग्रॅमिंग तिच्यावरच उभं आहे.

व्हॅन गेल्डर, रॉस आणि श्लिप्फ यांनी दुसरी वाट धरली: अर्थ एकच, पण खरं-खोटं यांच्या जोडीला तिसरं मूल्य. त्यांच्या हिशेबात अमोल आणि सीमा दोघंही तिसऱ्या खान्यात जातात.

तेव्हा टिपणांत ‘नॉट’साठी वाक्यात ‘सिद्ध होत नाही’ लिहा, संज्ञा हवी तिथे ‘अनुपलब्धी’ वापरा, आणि ‘निषेध’ दुसऱ्या, कडक नकारासाठी राखून ठेवा. तिसऱ्या मूल्याला ‘अज्ञात’ म्हणू नका, कारण माहिती कमी पडली असा त्याचा अर्थ नाही. ‘जिथून प्रतिस्पर्ध्याला न जिंकणाऱ्या स्थितीत ढकलता येतं, ती स्थिती जिंकणारी’ हा खेळाचा नियम ‘नॉट’ वापरून लिहिला, तर ज्या स्थितींतून दोघंही कायम फिरत राहू शकतात आणि कुणीच जिंकत नाही, नेमक्या त्याच तिसऱ्या खान्यात पडतात. बुद्धिबळाच्या बातम्यांत अशा डावाला ‘अनिर्णीत’ म्हणतात. तोच शब्द इथे घ्यावा.