प्रस्तरारोहणाच्या गर्दीच्या कड्यावर लोकप्रिय रूटवर (चढाईच्या ठरलेल्या वाटेवर) आमचा दोर दिवसभर लावून ठेवला तर चालेल का?

नाही. आम्ही फोंड्याचे पाच-सहा जण पावसाळा सरला की बदामीला जातो. सुट्टीच्या दिवशी तिथे सोप्या रूटखाली रांग लागते. दोर लटकत ठेवून जेवायला जाणं म्हणजे रूट अडवणंच. कोणी चढत नसेल तर दोर काढा, नाहीतर शेजारच्या गटाला ‘आमच्याच दोरावर चढता का?’ असं विचारा.

टॉप रोप (चढणाऱ्याला वरून धरणारा दोर) लावताना दोर कायमच्या अँकरच्या, म्हणजे रूटच्या माथ्यावर खडकात पक्क्या बसवलेल्या आधाराच्या, धातूच्या कड्यांतून ओवू नका, स्वतःच्या कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या धातूच्या हुकातून) घ्या. दिवसभराच्या घर्षणाने कड्या झिजतात, आणि पुढचा माणूस त्यांच्याच भरवशावर लटकणार असतो. फक्त शेवटच्याने कडीतून उतरावं.

पाऊस पडून गेला असेल तर रांगेतच उभे राहू नका. बदामीचा खडक वालुकाश्माचा, आणि ओला वालुकाश्म कमकुवत होतो. खडकातली एक पकड तुटली की रूट सगळ्यांसाठीच बदलतो.