भाजीपाल्यात जैविक कीड नियंत्रण करताना शेतकऱ्यांना नेमकी अडचण कुठे येते?

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. रासायनिक फवारणीनंतर अळ्या लगेच मरून पडलेल्या दिसतात. निंबोळी अर्काने त्या खाणं सोडतात, नीट कात टाकू शकत नाहीत आणि हळूहळू मरतात. तेवढ्यात शेतकऱ्याचा धीर सुटतो, आणि भाजीवर डाग पडला की भाव पडतो, म्हणून त्याला दोष देववत नाही.

बीटी, म्हणजे अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूपासून बनवलेलं औषध, लहान अळ्यांवरच नीट चालतं, म्हणजे रोज पानं उलटून बघायला हवीत. दोन्ही औषधं उन्हात लवकर निष्प्रभ होतात, म्हणून फवारणी संध्याकाळीच करा. मजुरी वाढते ती वेगळीच. शेजारच्या शेतात रासायनिक फवारणी झाली तर किडींना खाणारे मित्रकीटकही मरतात. हे एकट्याने सुटत नाही, शेजाऱ्यांशी बोलावंच लागतं.