टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदाच बघतोयस? सुरुवातीला एवढंच पुरे

पहिली चूक सगळेच करतात: दुपारपासून स्क्रीनला चिकटायचं आणि तासाभरात पेंगायला लागायचं. सपाट टप्प्याचे (टप्पा म्हणजे एका दिवसाची शर्यत) शेवटचे 30 किलोमीटर बघ, आपल्याकडे साधारण रात्री आठ-नऊ वाजतात. डोंगरातला टप्पा असेल तर मात्र शेवटचे दोन चढ अजिबात चुकवू नकोस.

दुसरी गफलत: आज जिंकला तोच आघाडीवर, असं धरून चालणं. आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेवर ठरते. विजेत्याच्याच घोळक्यात कुणी 80वा आला तरी, बोनसचे सेकंद (पहिल्या काहींच्या वेळेतून वजा होणारे) सोडले तर, त्याची वेळ तीच धरतात. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशने 35 टप्पे जिंकले, विक्रमच तो. पण एकूण स्पर्धा? एकदाही नाही. स्प्रिंटरचं, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणाऱ्याचं, कामच वेगळं.

आणि नुसत्या स्टारकडे बघू नकोस रे. संघाच्या गाडीकडे मागे जाऊन जर्सीत पाठीशी बाटल्या कोंबून पुन्हा पुढे येणारा दिसला की त्याच्यावर नजर ठेव. तो वारा अंगावर घेतो म्हणून कप्तानाची ताकद वाचते. खरा खेळ इथेच कळतो.

- बाकीच्या रंगांच्या जर्सी हळूहळू समजतील.
- वॉट (पेडल मारण्याच्या ताकदीचं माप), गिअर वगैरे आत्ता नकोच.
- 2020 चा 20वा टप्पा शोधून बघ. निकाल आधी वाचायचा नाही!