पॉवरहाऊस कॅल्शियम कशाला गिळतं?

प्रश्न : मुलाला दहावीचं सायन्स शिकवताना मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस एवढंच सांगितलं, पण परवा वाचलं की मेंदूत ते कॅल्शियमसुद्धा सांभाळतात. हे काय नवीन? आणि मी कॅल्शियमच्या गोळ्या घेते, त्याचा मेंदूवर काही परिणाम? – एक वाचिका, मिरज

उत्तर : नवीन काही नाही हो, १९६० च्या दशकापासून माहितीये, फक्त कॅल्शियम नेमकं कुठल्या दारातून आत जातं ते सापडायला २०११ उजाडलं. त्या दाराचं नाव एमसीयू.

आता बघा, न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पटीने कमी असतं. सिग्नल आला की टोकाशी चॅनल उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि त्याच्या धक्क्याने ग्लुटामेटसारखी रसायनं पुढच्या पेशीकडे सुटतात, हे सगळं मिलिसेकंदांत. पण मग ते कॅल्शियम आवरायला नको का? पेशीचे पंप ते बाहेर फेकतातच, शिवाय तिथेच बसलेले मायटोकाँड्रिया ते ओढून घेतात, कारण त्यांचा आतला भाग दीडशेएक मिलिव्होल्टने ऋण असतो आणि कॅल्शियम पडलं धन. दारावर वॉचमनपण आहे, एमआयसीयू१ नावाचं प्रोटीन. कॅल्शियम थोडंच असेल तर हा दार उघडू देत नाही, वाढलं की बाजूला होतो.

मला यातली खरी गंमत पुढची वाटते. आत गेलेलं कॅल्शियम नुसतं पडून राहत नाही, ते तिथल्या एन्झाइम्सना सांगतं की बाहेर काम वाढलंय, एटीपी, म्हणजे पेशीची वीज, जास्त बनवा. म्हणजे ज्या गडबडीने वीज खर्च होते तीच गडबड वीज बनवायची ऑर्डरपण देऊन जाते! नंतर सोडियमच्या बदल्यात ते हळूहळू बाहेर सोडलं जातं.

स्ट्रोकमध्ये हेच उलटं फिरतं. रक्तपुरवठा थांबला की पंप बंद पडतात, ग्लुटामेट साचतं, कॅल्शियमचा लोंढा येतो, मायटोकाँड्रिया गिळत सुटतात आणि शेवटी फुगून त्यांना भोक पडतं, पेशी मरते. म्हणून डॉक्टर एकेका मिनिटासाठी घाई करतात.

गोळ्यांचं म्हणाल तर रक्तातलं कॅल्शियम शरीर हार्मोन्सनी घट्ट धरून ठेवतं, गोळी घेतली आणि न्यूरॉनमध्ये पोचली असं होत नाही. डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच.